अमेरिकेत भाड्याच्या घरात टॉयलेट पेपरऐवजी पाण्याची सोय कशी करावी?

चहाबाज_शिकागो:
सासूबाई-सासरे सांगलीहून हिवाळाभर राहायला येताहेत. आम्ही दोघं सिंकजवळच्या मगवर भागवतो, पण सासूबाईंचं उजवं मनगट संधिवाताने धरलंय. भरलेला मग मागे नेणं त्यांना जमायचं नाही. कागदाचं नाव काढलं तर फोनवरच म्हणाल्या, "मग मी येतच नाही." घर तिसऱ्या मजल्यावर, बाथरूममध्ये जमिनीला पाणी जायला जाळी नाही, कमोडजवळ विजेचा पॉइंटही नाही. जेट (नळीचा हातफवारा) बसवू का?

पुणेरी_टेक्सास:
ओले वाइप्स आणा, विषय संपला. पाकिटावर 'फ्लशेबल' लिहिलेलं असतं.

वायसरवाले_काका:
लिहिलेलं असतं, पण ते कागदासारखे पाण्यात विरघळत नाहीत. पाइपात अडकले की प्लंबर बोलवा, आणि इथला प्लंबर म्हणजे खिशाला कात्रीच.

सूनबाई, जेट नको. तो चालवायला खटका दाबून धरावा लागतो, म्हणजे पुन्हा मनगटच. शिवाय दर वेळी टी-वॉल्व्ह (टाकीच्या नळीतून जेटकडे पाणी वळवणारा कॉक) बंद करायला हवा. तो उघडा राहिला की नळीवर सतत दाब राहतो आणि एक दिवस नळी फुटते. आमच्या वरच्या बिऱ्हाडात तसंच झालं. आमच्या छताला अजून पिवळा डाग आहे.

सीटखाली बसणारी बिडेची, म्हणजे धुवायला पाण्याची धार सोडणारी, पट्टी घ्या. वीज लागत नाही, बाजूचा नॉब फिरवला की पाणी येतं. नॉब बहुधा उजवीकडे असतो, तुम्ही मुद्दाम डावीकडचा शोधा. टाकीखाली नळी जिथे जोडलेली असते तिथे टी बसतो. तिथलं माप साधारणपणे ७/८ इंच. आत रबरी वायसर असतो, त्यामुळे टेफ्लॉन टेप लागत नाही. प्लॅस्टिकची चकती हातानेच आवळा. पाना लावलात तर आटे जातील. जुनं काही फेकू नका, घर सोडताना जसंच्या तसं लावून देता येतं. तरी मालकाला एक ईमेल टाकून ठेवा.

आता थंडी. जानेवारीत लेक मिशिगनचं ते पाणी... पहिल्याच दिवशी सासूबाई परतीचं तिकीट मागतील. गरम-गार दोन्ही नळ्यांची पट्टी मिळते, गरम पाणी सिंकखालून घ्यायचं. आधी सिंकचा गरम नळ वाफ येईपर्यंत सोडायचा, नाहीतर नळीतलं गारच अंगावर येतं.

मिलानची_मनी:
इटलीत हा प्रश्नच येत नाही 😄 १९७५ पासून घरातल्या निदान एका बाथरूममध्ये बिडे (इथे तो धुवायचं वेगळं बेसिन असतो) असलाच पाहिजे, असा नियमच आहे. पुसायला मी जुन्या पंचाचे चौकोन ठेवते. धुऊनच पुसायचं असल्याने ते नुसते ओले होतात. तरी वेगळे, गरम पाण्यात धुते.

चहाबाज_शिकागो:
पंचाची कल्पना सासूबाईंना लगेच पटेल, येताना डझनभर आणतील. काका, डावा नॉब असलेली दोन नळ्यांची पट्टी सापडली, मागवली. पण कमोडमागचा भिंतीतला कॉक आत्ता फिरवून पाहिला, जाम आहे.

वायसरवाले_काका:
जोर लावू नका! जुना कॉक दांड्यापाशी गळायला लागतो. बिल्डिंगच्या मेंटेनन्सवाल्याला बोलवा, तो मेन बंद करून बदलून देईल. जाम कॉक त्याच्या कामात मोडतो, त्यात मेहरबानी नाही. तो आलाच आहे तर सिंकखालचाही फिरवून बघायला सांगा.