लाकडापासून माशांचे खाद्य: सॅल्मनसाठीची यीस्ट-प्रथिने आपल्या तळ्यांत उपयोगी पडतील का?

प्रश्न: शेततळे_सोलापूर

नमस्कार. मी सोलापूर जिल्ह्यात शेततळ्यांमध्ये पंगस आणि तिलापिया यांचे संवर्धन करतो. आमच्या धंद्यात निम्म्याहून अधिक खर्च एकट्या खाद्यावर होतो. सोयाबीन पेंडीचा भाव चढला की गोळीखाद्याचा भाव लगेच चढतो, मासळीचा भाव मात्र त्या वेगाने कधीच वाढत नाही. त्यामुळे प्रथिनांचा दुसरा कोणता आधार मिळू शकेल याचा मी सतत शोध घेत असतो.

नॉर्वेमध्ये स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडापासून सॅल्मन माशासाठी प्रथिनयुक्त खाद्य तयार केले जाते, असे नुकतेच वाचनात आले. लाकडात प्रथिन जवळजवळ नसते, हे आपण सारेच जाणतो; मग हे प्रथिन येते कोठून, आणि मासा ते खरोखर अंगी लावून घेतो का? शिवाय आमच्या भागात साखर कारखाने पुष्कळ आहेत आणि उसाचा चोथाही शेवटी काष्ठच आहे. तेव्हा हीच पद्धत येथे चालू शकेल का, याबद्दल जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर: किण्वन_विभाग

आपली पहिली शंका अगदी योग्य आहे. वाळलेल्या लाकडात नत्राचे प्रमाण अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी असते आणि लाकूड कितीही बारीक दळले तरी सॅल्मन किंवा पंगस ते पचवू शकत नाही. प्रत्यक्षात लाकडातील साखर यीस्टला दिली जाते आणि त्या यीस्टच्या पेशी वाळवून माशाच्या खाद्यात मिसळल्या जातात.

स्प्रूसच्या कोरड्या लाकडात साधारण दोन तृतीयांश भाग सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज यांचा असतो, व उरलेल्यात मुख्यतः लिग्निन, म्हणजे लाकडाचे तंतू एकत्र बांधून ठेवणारा कठीण पदार्थ, असते. सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज म्हणजे साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्या होत. लिग्निनने त्या इतक्या घट्ट बांधलेल्या असतात की आधी उष्णता व रसायने वापरून लिग्निन वेगळे करावे लागते, आणि त्यानंतरच विकरांच्या (एन्झाइमच्या) साहाय्याने साखळ्या तोडून साखरेचे द्रावण मिळवता येते. या द्रावणात कॅन्डिडा युटिलिस, म्हणजे टोरुला या नावाने ओळखले जाणारे यीस्ट, भरपूर हवा खेळवून वाढवतात. त्याचे मोठे वैशिष्ट्य असे की पाव-बिअरच्या नेहमीच्या यीस्टला न वापरता येणारी झायलोजसारखी पाच कर्बांची साखरही ते वापरते. लाकूड शिजवताना तयार होणारे फरफ्युरल आणि अ‍ॅसेटिक आम्ल यांसारखे घटक यीस्टची वाढ रोखतात, म्हणून द्रावण कितपत स्वच्छ आहे यावर पुढचे सारे अवलंबून असते.

प्रथिनासाठी लागणारे नत्र लाकडातून येत नाही. ते अमोनियाच्या रूपाने बाहेरून घालावे लागते, आणि उत्साही बातम्यांमध्ये नेमका याचाच उल्लेख राहून जातो. ढोबळ हिशोब मांडतो. एक टन कोरड्या लाकडातून पाचशे किलो वापरण्याजोगी साखर मिळाली असे धरले, तर चांगल्या परिस्थितीत तिच्या निम्मे, म्हणजे अडीचशे किलो कोरडे यीस्ट तयार होईल. त्यातील निम्मे प्रथिन धरल्यास सव्वाशे किलो प्रथिन हाती येते. एवढ्या प्रथिनात वीस किलो नत्र असते आणि त्यासाठी साधारण चोवीस किलो अमोनिया खर्ची पडतो. म्हणजे येथे लाकडाचा वाटा कर्ब आणि ऊर्जा पुरवण्याचा आहे. नत्राचा खर्च युरियाच्या शेतीत जसा येतो तसाच येथेही येतो.

पचनाबद्दल आपण विचारले आहे. नॉर्वेच्या जीवशास्त्र विद्यापीठात मार्गारेथ ओवरलांड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सॅल्मनच्या खाद्यातील ४० टक्के प्रथिन कॅन्डिडा युटिलिसमधून दिले, तरीही माशांची वाढ घटली नाही. त्याच प्रयोगात बेकरीचे नेहमीचे यीस्ट मात्र तितके उतरले नाही, म्हणून ‘यीस्ट म्हणजे यीस्ट’ असे समजून चालणार नाही. या प्रथिनात लायसिन हे अमिनो आम्ल (प्रथिनाचा घटक) चांगले असते, पण मेथिओनिन हे दुसरे अमिनो आम्ल कमी पडते आणि ते वेगळे घालावे लागते. पेशींमधील न्यूक्लिक आम्लांमुळे (डीएनए व आरएनए) माणसाच्या शरीरात युरिक आम्ल वाढते. माशाच्या यकृतात ते मोडणारे विकर असल्यामुळे त्याला हा त्रास सहसा होत नाही.

उत्तर: बर्गनहून

मी नॉर्वेत मत्स्यसंवर्धन क्षेत्रात काम करतो, म्हणून या देशाला लाकडाकडे वळावेसे का वाटले, तेवढेच सांगतो. सॅल्मन हा मुळात मांसाहारी मासा आहे. १९९० च्या सुमारास येथील सॅल्मन-खाद्याचा सुमारे ९० टक्के भाग फिशमील (वाळवून दळलेली मासळी) आणि माशांचे तेल यांचाच असे. उत्पादन वाढत गेले, समुद्रातून मिळणारी लहान मासळी मात्र त्या प्रमाणात वाढणे शक्य नव्हते. परिणामी आता समुद्री घटकांचा वाटा पाव हिश्श्याच्याही खाली आला आहे आणि त्यांची जागा प्रामुख्याने वनस्पतिजन्य घटकांनी घेतली आहे. एकट्या सोया प्रथिनाचा वाटाच २०२० मध्ये सुमारे एक पंचमांश होता, आणि त्यातील बराचसा सोया ब्राझीलमधून येतो. वर्षाला दहा लाख टनांहून कितीतरी अधिक सॅल्मन पिकवणारा देश आपल्या माशांचा घास दूरच्या देशातून बोटीने आणतो, ही गोष्ट येथील लोकांना मनापासून टोचते. येथील जंगलांत मात्र शतकभरापूर्वीच्या तुलनेत उभ्या लाकडाचा साठा सुमारे तिप्पट झाला आहे.

याच विचारातून २०१५ मध्ये ओस येथील, वर उल्लेखलेल्या जीवशास्त्र विद्यापीठात ‘फूड्स ऑफ नॉर्वे’ हे संशोधन केंद्र सुरू झाले. सार्प्सबोर्गची बोरेगार्ड कंपनी त्यात साखरेच्या बाजूने सहभागी होती. हा कारखाना स्प्रूसपासून विशेष प्रकारचे सेल्युलोज, लिग्निनची उत्पादने आणि व्हॅनिलिन बनवतो, शिवाय १९३८ पासून उरलेल्या साखरेचे इथेनॉलही करतो. लाकूड फोडून साखर काढण्याचे तंत्र त्याच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले आहे.

आणखी एक मुद्दा येथे फार महत्त्वाचा मानला जातो. साध्या सोयाबीन पेंडीमुळे सॅल्मनच्या आतड्याच्या शेवटच्या भागाला सूज येते, म्हणून त्याला अल्कोहोलने धुऊन शुद्ध केलेले महागडे सोया प्रथिनच द्यावे लागते. पेंडीबरोबर कॅन्डिडा युटिलिस दिल्यास ही सूज आटोक्यात राहते, असे प्रयोगांत दिसले आहे. यीस्टच्या पेशीभित्तीतील ग्लुकन व मॅनन या घटकांकडे त्यासाठी विशेष लक्ष वेधले गेले आहे. त्यामुळे यीस्टची किंमत ठरवताना निव्वळ प्रथिनाची टक्केवारी पाहणे पुरेसे नाही, असे माझे मत आहे. मात्र यीस्टमधून ओमेगा-३ मिळत नाही आणि त्यासाठी माशांचे तेल किंवा सूक्ष्मशैवालाचे तेल वेगळे लागतेच, हेही नोंदवून ठेवतो.

उत्तर: लगदा_आणि_कागद

वरील दोन्ही उत्तरे वाचून समाधान वाटले. माझा अनुभव कागद उद्योगातील असल्यामुळे मी पैशाच्या बाजूबद्दल लिहितो. या विषयाचे खरे घोडे तेथेच अडते.

ही कल्पना नवी नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत लाकडाच्या साखरेवर टोरुला यीस्ट वाढवले जात होते आणि सोव्हिएत संघात तर लाकडाचे जलापघटन (पाण्याच्या साहाय्याने साखरेत विघटन) करून पशुखाद्यासाठी यीस्ट बनवणारा मोठा उद्योगच उभा होता. सर्वांत बोलके उदाहरण फिनलंडचे आहे. सल्फाइट पद्धतीने लगदा शिजवल्यावर जे द्रावण उरते, त्यात हेमिसेल्युलोजची साखर असते, आणि ते नदीत सोडले की पाण्यातील प्राणवायू संपून मासे मरतात. फिनलंडमधील तंत्रज्ञांनी या द्रावणावर पेसिलोमायसिस नावाची तंतुमय बुरशी सतत किण्वनाने वाढवण्याची पद्धत विकसित केली. तिला ‘पेकिलो’ म्हणत. यॅम्सॅन्कोस्की येथे १९७५ मध्ये तिचा कारखाना सुरू झाला. त्याची क्षमता वर्षाला सुमारे दहा हजार टन होती आणि हे प्रथिन डुकरांच्या व कोंबड्यांच्या खाद्यात जात असे. यीस्टच्या सूक्ष्म पेशी वेगळ्या करण्यासाठी सेंट्रिफ्यूज लागते. ही बुरशी मात्र तंतुमय असल्याने गाळून काढता येत असे.

एवढी उत्तम चाललेली गोष्ट १९९१ मध्ये थांबली. प्रथिनात खोट निघाली म्हणून ती थांबली नाही. सल्फाइट पद्धतीचे कारखाने मागे पडत गेले आणि त्यांच्याबरोबर साखरेचा तो स्वस्त स्रोतही आटला. आज फिनलंडमधीलच एनिफर ही कंपनी पेकिलोचे पुनरुज्जीवन करत आहे आणि मत्स्यखाद्याकडे तिचे लक्ष आहे; परंतु तिच्या पहिल्या मोठ्या कारखान्याचा कच्चा माल अन्नउद्योगातील दुय्यम पदार्थांतून घेण्याचे ठरले आहे. यावरून मला असे वाटते की केवळ खाद्यासाठी लाकूड फोडणे सोयाच्या भावापुढे टिकणे अतिशय कठीण आहे. सेल्युलोज, लिग्निन आणि इतर उत्पादने विकून ज्या कारखान्याचा खर्च आधीच निघतो, त्याच्याकडील उरलेल्या साखरेवर मात्र यीस्टचा व्यवसाय उभा राहू शकतो.

शेततळे_सोलापूर

तिघांचाही मनापासून आभारी आहे. मग उसाच्या चोथ्याचे काय? आणि माझ्यासारख्याने खाद्य-उत्पादकाकडून यीस्टचे खाद्य घेताना नेमके काय पाहावे?

उत्तर: किण्वन_विभाग

चोथ्याची रचना स्प्रूसपेक्षा वेगळी असते. त्यातील हेमिसेल्युलोजमध्ये झायलोज मुबलक असते, आणि टोरुला यीस्टला ते चालते; म्हणून तांत्रिकदृष्ट्या अडचण नाही. अडचण अशी की चोथा आता फुकट राहिलेला नाही. कारखाने तो बॉयलरमध्ये जाळून स्वतःची वाफ आणि सहवीज निर्माण करतात, त्यामुळे यीस्टसाठी घेतलेल्या चोथ्याची किंमत गमावलेल्या विजेइतकी धरावी लागते. शिवाय एक किलो यीस्ट वाढवायला जवळपास एक किलो प्राणवायू लागतो आणि त्या प्रमाणात उष्णता बाहेर पडते. नॉर्वेत थंड पाणी हाताशी असते. सोलापूरच्या उन्हाळ्यात टाकी थंड ठेवण्याचा खर्चच डोईजड होईल. मळीवर टोरुला वाढवणे त्या मानाने सोपे आहे, कारण तेथे साखर आधीच मोकळी असते. मात्र मळीला आसवनी, म्हणजे मद्यार्क बनवणारा कारखाना, हा मोठा ग्राहक आहे आणि यीस्टला त्याच्या भावाशी स्पर्धा करावी लागेल.

आपल्या माशांपुरते स्पष्ट लिहितो. पंगस आणि तिलापिया हे सर्वभक्षी आहेत. सॅल्मनला सोसत नाही ती साधी सोयाबीन पेंड त्यांना बऱ्याच प्रमाणात मानवते आणि भाताचा कोंडाही ते उपयोगात आणतात. त्यामुळे सॅल्मनच्या खाद्यात यीस्टला जी वाढीव किंमत मिळू शकते, ती आपल्या खाद्यात मिळणार नाही. मोठ्या माशांच्या रोजच्या खाद्यात पेंडीच्या बदल्यात यीस्ट घेणे मला आज परवडणारे वाटत नाही. ज्या अवस्थेत खाद्य थोडे लागते पण आतड्याचे आरोग्य आणि जगण्याचे प्रमाण अधिक महत्त्वाचे असते, त्या बीज आणि बोटुकलीच्या (बोटाएवढ्या पिल्लांच्या) अवस्थेत थोड्या प्रमाणात ते वापरून पाहण्यासारखे आहे.

खरेदी करताना यीस्टची जात विचारावी आणि ते कोणत्या साखरेवर वाढवले आहे हेही विचारावे. प्रयोगशाळेच्या अहवालात केवळ ‘एकूण प्रथिन’ पाहू नये. तो आकडा एकूण नत्रावरून काढलेला असतो आणि न्यूक्लिक आम्लांतील नत्रही त्यात मोजले जाते, त्यामुळे तो फुगलेला दिसतो. अमिनो आम्लांचा स्वतंत्र तक्ता मागावा, त्यात लायसिन आणि मेथिओनिन तपासावे, राखेचे प्रमाण पाहावे. एकाच वयाची बोटुकली दोन तळ्यांत सारख्या संख्येने सोडावी, एका तळ्याला नेहमीचे आणि दुसऱ्याला यीस्ट मिसळलेले खाद्य द्यावे, आणि दिलेले खाद्य व वाढलेले वजन यांची नोंद दर पंधरवड्याला ठेवावी. आपल्या पाण्यात आणि आपल्या भावांत ते परवडते की नाही, हे त्या दोन वह्यांतून कळेल.