सगळे सुरळीत असताना आलेली उदासी ही कृतघ्नता आहे का?

उत्तररात्र :
सुखवस्तू माणसाच्या उदासीवर लिहिलेले एक टिपण सध्या फार कौतुकाने पुढे पाठवले जात आहे. त्याचा आशय असा की, ज्याच्या कामात स्थैर्य आहे, घरात माया आहे आणि प्रकृती धड आहे, त्याला तरीही उदास वाटत असेल तर त्याचे मन रिकामे आहे. त्याने रोज आपल्याला लाभलेल्या गोष्टींची यादी करावी आणि ज्यांना यातले काहीच लाभले नाही त्यांच्याकडे पाहावे. हे वाचून मला संताप आला. ज्याला अशी उदासी ग्रासते, त्याने ही यादी कधीच करून पाहिलेली असते. मीही केली आहे. तिच्यातली प्रत्येक नोंद खरी आहे, जवळची माणसे खरी आहेत, मनासारखे काम खरे आहे, आणि तरीही सकाळी जाग आल्यावर डोळे भरून येतात व का, ते सांगता येत नाही. यादीने एवढेच होते की, इतके असूनही आपण असे, ही अपराधाची टोचणी त्या उदासीत मिसळते आणि मग माणूस बोलणेच बंद करतो.

मुळात सगळे चांगले चालले असले म्हणजे मनाला कष्ट नसतात, हे गृहीतकच कच्चे आहे. थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या मनोविकारतज्ज्ञांनी १९६७ मध्ये आयुष्यातील घडामोडींच्या ताणाची श्रेणी मांडली. तिच्यात जोडीदाराच्या मृत्यूला १०० गुण आहेत आणि नोकरीवरून काढले जाण्याला ४७. पण लग्नाला ५० आहेत, आणि मोठ्या वैयक्तिक यशालाही २८. आनंदाच्या प्रसंगातही मन झिजत असेल, तर सुखी माणसाकडून दुःखाचा हिशेब मागण्याचा हक्क या लेखकाला कोणी दिला?

सरळरेषा :
त्या टिपणाची भाषा उर्मट आहे, याबद्दल दुमत नाही. मुद्दा मात्र मला पटतो. मी अनेक वर्षे मरणासन्न रुग्णांची शुश्रूषा करते आहे. ज्यांच्या हाती काही आठवडेच उरले आहेत, अशी माणसे खिडकीतून येणाऱ्या उन्हावर खूश होताना मी पाहिली आहेत. त्यानंतर घरी परतल्यावर धडधाकट नातलगांकडून 'काही कारण नाही, पण उदास वाटते' हे ऐकणे मला खरोखर जड जाते. स्वतःच्या मनाकडे सतत पाहत राहण्याने मन बरे होत नाही. मानसशास्त्रज्ञ सुसान नोलेन-होक्सेमा यांचे संशोधन हेच सांगते की, आपल्या खिन्नतेचा काथ्याकूट करत राहणाऱ्यांची खिन्नता अधिक लांबते.

आपण दिलेल्या श्रेणीविषयीही एक गोष्ट सांगायला हवी. लग्नाचे गुण त्यात आधीच ठरवून दिलेले होते आणि बाकीच्या घटनांना त्या तुलनेत किती जुळवून घ्यावे लागते, हे लोकांना विचारले होते. ते दुःखाचे माप नव्हे.

पाऊलखूण :
कारण नसणे आणि कारण न सापडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे दोघांनीही लक्षात घेतलेले दिसत नाही. माझ्या धाकट्या बहिणीला घरात सगळ्यांनी हेच ऐकवले की, तुला सुख टोचते. ती सदा थकलेली असे, तिला इतरांपेक्षा जास्त थंडी वाजे, केस गळत, आणि कशातच रस वाटत नसे. तिने प्रार्थना केली, व्यायाम केला, वही भरून कृतज्ञता लिहिली. अखेरीस एका नव्या डॉक्टरांनी टीएसएच ही थायरॉईडची रक्तचाचणी करायला सांगितली, तेव्हा थायरॉईड ग्रंथी मंदावली असल्याचे निघाले. गोळी सुरू झाल्यावर हळूहळू माझी पूर्वीची बहीण परत आली. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, रक्तक्षय, स्टेरॉईडसारखी औषधे, यांनीही मन खचते. आधीच्या डॉक्टरांपैकी एकालाही रक्त तपासावेसे वाटले नाही, याचा राग मी आयुष्यभर विसरणार नाही. उपदेश करणाऱ्या प्रत्येकाने आधी तपासणीचा कागद मागावा.

नीरक्षीर :
पाऊलखूण, तपासणी अवश्य व्हावी. पण मी समुपदेशनाचे काम करते, आणि माझ्याकडे येणाऱ्या कित्येकांना घरून सांगितलेले असते की, रक्त ठीक आहे, म्हणजे तुला काही झालेले नाही. तुमच्या बहिणीला कारण सापडल्याने तिची सुटका झाली; ज्यांना सापडत नाही त्यांच्यासाठी तोच कागद उलटतो. नैराश्याच्या निदानात एखादे औषध किंवा शारीरिक आजार त्यामागे नाही ना, एवढे पाहिले की पुढे कारण विचारलेच जात नाही. कारण आतले की बाहेरचे, या जुन्या विभागणीवर निदान उभे करणे अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेने १९८० मध्येच सोडले. किमान दोन आठवडे, जवळजवळ दररोज, नऊपैकी पाच लक्षणे असावीत, आणि त्यांत खिन्नता किंवा रस उडणे यांपैकी एक असलेच पाहिजे, असा तो निकष आहे. सौम्य पण चिवट प्रकारात प्रौढांसाठी हा काळ दोन वर्षांचा धरतात, आणि अशी माणसे नोकरी, संसार, सणसमारंभ सगळे पार पाडत असतात, म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाहीत.

संधिप्रकाश :
जवळचे माणूस गेल्यावर लगेच नैराश्याचे निदान करू नये, हा शोकाचा अपवादही त्याच पुस्तिकेने २०१३ मध्ये काढून टाकला, हे आपण सांगितले नाही. पत्नीच्या निधनानंतर थोड्याच दिवसांत एका डॉक्टरांनी माझ्यापुढे गोळ्यांची चिठ्ठी सरकवली होती. मी ती घेतली नाही. मला रडायचे होते, आणि त्या रडण्यात आजार नव्हता. जिथे कारण इतके ढळढळीत आहे तिथेही ज्यांना निदान दिसते, ते अकारण उदासीला कसे सोडतील?

कालिदासाच्या शाकुंतलाच्या पाचव्या अंकात राणी हंसपदिकेचे गाणे ऐकून दुष्यंत व्याकूळ होतो, आणि प्रिय माणसाचा विरह नसताना असे का व्हावे, हे त्याला कळत नाही. सुखी जीवही सुंदर काही पाहून, ऐकून हुरहुरतो, तेव्हा त्याला नकळत पूर्वजन्मीचे स्नेह आठवत असावेत, असे तो म्हणतो. कोणी त्याला दोन आठवड्यांचा हिशेब विचारला नाही.

पाऊलखूण :
आपल्या दुःखाविषयी मला आदर आहे, पण आजारी माणसापुढे काव्य ठेवणे हा मला क्रूरपणा वाटतो. माझ्या बहिणीलाही असेच सांगत होते की ही हुरहुर आहे, संवेदनशील मनाची खूण आहे. त्या गोड शब्दांत तिची उमेदीची वर्षे गेली.

संधिप्रकाश :
मी आपल्या बहिणीविषयी अवाक्षर काढलेले नाही, आणि क्रूर हा शब्द मला अजिबात मान्य नाही. ज्या घरात मृत्यू झाला आहे तिथे रक्ताच्या बाटल्या घेऊन जाणाऱ्यांना मी काय म्हणावे?

नीरक्षीर :
दोघांनीही थोडे थांबावे. संधिप्रकाश, तो अपवाद निघाला म्हणजे शोक हाच आजार ठरला, असे झालेले नाही. शोकात असलेल्या माणसालाही नैराश्य गाठू शकते, आणि केवळ मृत्यू झाला आहे म्हणून त्याचे उपचार अडू नयेत, एवढाच त्याचा हेतू होता. तो व्यवहारात नीट पाळला जात नाही, ही आपली तक्रार मात्र मी खोडून काढू शकत नाही. आणि दुष्यंताला कारण नव्हते, हे कसे म्हणता येईल? त्याचे कारण गर्भवती होऊन त्याच्या दाराशी येत होते. दुर्वासांच्या शापामुळे त्याची आठवण गेली होती, विरह गेला नव्हता. मला भेटणाऱ्या अनेकांचे असेच असते. दहा वर्षांपूर्वी रडायला सवड मिळाली नाही, तेव्हा घर सांभाळायचे होते, कर्ज फेडायचे होते. आता सगळे स्थिरस्थावर झाल्यावर ते रडू येते, आणि माणूस म्हणतो की आता तर काहीच दुःख नाही.

सरळरेषा :
हे शेवटचे मला नाकारता येत नाही, कारण शुश्रूषा करणाऱ्या माझ्याच सहकाऱ्यांमध्ये मी ते पाहिले आहे. पाळी चालू असते तोवर त्या खंबीर असतात आणि सुटीवर गेल्या की कोसळतात. तेव्हा उदास माणसाला दुसऱ्याचे मरण दाखवून गप्प करू नये, इतके मी मान्य करते. पण प्रत्येक उदास संध्याकाळीचे मूळ खणत बसावे, हे मला आजही घातक वाटते. बहुतेक उदासी आपोआप ओसरते आणि तिला ओसरू द्यावे.

उत्तररात्र :
ओसरू द्यावी, याला माझा विरोध नाही. माझा आक्षेप तिच्याबद्दल लाजायला लावण्याला आहे. आपण म्हणता तो काथ्याकूटही त्या यादीनेच वाढतो, कारण ती करणारा दिवसभर एकच प्रश्न विचारत राहतो की, माझ्यात काय बिघडले आहे.

नीरक्षीर :
तर मग घरच्यांनी 'का' हा प्रश्न बाजूला ठेवून हे विचारावे की, किती दिवस असे वाटते आहे, झोप लागते का, अन्न जाते का, आवडीच्या गोष्टी अजून आवडतात का. आणि जगणे नको वाटते का, हेही स्पष्ट शब्दांत विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'हो' आले, तर त्या माणसाला एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

संधिप्रकाश :
हे प्रश्न मला त्या वेळी कोणी विचारले असते, तर मी उत्तर दिले असते. चिठ्ठीबद्दलचे माझे मत बदललेले नाही.