मदत हवी आहे: इंद्रजालच्या 'बहादूर'वर मालिका लिहितोय, हक्क, काळ आणि नागरिक सुरक्षा दल याबद्दल

नमस्कार मंडळी,

इंद्रजाल कॉमिक्समधल्या बहादूरवर हिंदी वेब मालिकेचा प्रस्ताव लिहायला घेतला आहे. पहिल्या भागाची पटकथा आणि बाकीच्या भागांचं टिपण एका निर्मात्यापुढे ठेवायचं आहे. काही जागी अडलोय. कायद्याचे जाणकार, पटकथा लिहिणारे आणि हे अंक त्या काळात वाचलेले वाचक, सगळ्यांचीच मदत हवी आहे.

ज्यांना बहादूर माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टाइम्स ऑफ इंडियाने मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल सुरू केलं. वेताळ, मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन हे तिघेही बाहेरून आलेले नायक. १९७६ मध्ये आबिद सुरतींनी बहादूर लिहिला, गोविंद ब्राह्मणिया यांनी त्याला चेहरा दिला आणि चंबळच्या खोऱ्यातला एक देशी तरुण वेताळाच्या शेजारी जाऊन बसला. इंद्रजालचे अंक मराठीतही निघायचे. १९९० मध्ये इंद्रजाल बंद झालं. वेताळाचं नाव आजही कुणालाही विचारा, सांगतील. बहादूरचं नाव मात्र त्या पिढीबाहेर फारसं कुणाला ठाऊक नाही.

त्याच्याकडे दैवी शक्ती नाही, मुखवटा नाही. भगवा कुर्ता आणि जीन्स. बाप भैरवसिंग डाकू, पोलिसांच्या गोळीने मेला. मुलाच्या मनात सूड. पण ज्याच्यावर सूड उगवायचा त्या विशाल नावाच्या पोलिस अधिकाऱ्याच्याच छायेत तो मोठा होतो आणि शेवटी डाकूंच्याच विरोधात उभा राहतो. पुढे गावकऱ्यांना घेऊन तो नागरिक सुरक्षा दल काढतो, 'नासुद'. माझ्या मते बहादूरचं खरं वेगळेपण डाकूंशी लढण्यात नाही, या दलात आहे. बाकीचे नायक एकटे येतात, गाव वाचवतात आणि निघून जातात. हा गावालाच उभं करतो. मालिका करायची ती याच्यासाठी.

आता अडचणी. हक्क कुणाकडे मागायचे, लेखकाकडे की प्रकाशकाकडे? कथा १९७६ मध्येच ठेवू की आजच्या चंबळमध्ये आणू? निर्माता म्हणतो, "आजचंच करा, जुना काळ उभा करायला खर्च फार येतो." आणि सगळ्यात अवघड म्हणजे नासुद. गावकऱ्यांच्या हाती शस्त्र देणारा नायक तेव्हा सरळ वाटला असेल. आज तसं लिहिताना माझा हात थांबतो. छत्तीसगडमध्ये नक्षलवाद्यांविरुद्ध गावकऱ्यांनाच उभं करणाऱ्या सलवा जुडूम मोहिमेनंतर ही कल्पना निरागस राहिलेली नाही. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडमधल्या आदिवासी तरुणांना विशेष पोलिस अधिकारी म्हणून शस्त्रं देणं घटनाबाह्य ठरवलं. मग बहादूरचं दल कसं दाखवायचं? गाळून टाकलं तर बहादूरमध्ये काय उरतं?

जाणकारांनी कृपया लिहावं.

— पटकथाकार_नाशिक

जुना_इंद्रजालप्रेमी:

धागा वाचून फार बरं वाटलं. माझं स्पष्ट मत: १९७६ सोडू नका.

कारण नुसता जुन्या दिवसांचा ओढा नाही. एप्रिल १९७२ मध्ये चंबळ खोऱ्यातल्या जौरा इथे जयप्रकाश नारायणांसमोर मोहरसिंग, माधोसिंग आणि त्यांच्या टोळ्यांनी शस्त्रं खाली ठेवली. त्याआधी १९६० मध्ये आपले विनोबा त्याच खोऱ्यातून पायी फिरले होते आणि तेव्हाही काही जण शरण आले होते. बहादूर आला तो १९७२ च्या शरणागतीनंतर चार वर्षांनी. म्हणजे ज्या खोऱ्यात कालचे डाकू शिक्षा भोगून घरी परतायची वाट बघतायत, तिथे एक मुलगा आहे ज्याच्या बापाला शरण यायची संधीच मिळाली नाही. शेजारच्या घरातला बाप जिवंत आहे आणि याचा मेलाय. का? हा प्रश्न त्या मुलाला फक्त त्याच काळात पडू शकतो. आजच्या काळात आणलंत तर सुडाची गोष्ट उरेल, हा प्रश्न जाईल.

वकील_पुणे:

हक्कांबद्दल. हा सल्ला नव्हे, दिशा समजा. करार करण्याआधी वकिलाला कागद दाखवाच.

कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७. लेखक वर्तमानपत्राच्या किंवा नियतकालिकाच्या मालकाकडे नोकरीत असेल आणि त्या कामाचा भाग म्हणून त्याने लिहिलं असेल, तर वेगळा करार नसल्यास मालकाचा हक्क नियतकालिकात छापण्यापुरताच असतो. बाकी सगळ्या बाबतीत, म्हणजे चित्रपट-मालिकेसाठीही, पहिला मालक लेखकच. आणि नोकरीच नसेल, बाहेरून लिहून दिलं असेल, तर मुळातला हक्क लेखकाचाच असतो, तो लेखी कराराने दिलेला नसेल तर. म्हणून पहिला प्रश्न हा: त्या काळी काय सही झाली होती?

मग कलम १९. हक्क हस्तांतर लेखी आणि सहीचं लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. २०१२ च्या दुरुस्तीने असंही घातलंय की करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं, त्याचा स्पष्ट उल्लेख नसेल तर त्याचे हक्क गेले असं धरत नाहीत. जुन्या कराराला हे कितपत लागू होतं ते तपासून घ्या. तुमच्या वेब मालिकेसाठी हा मुद्दा मोठा आहे.

चित्रकाराचा हक्क वेगळा तपासा. पडद्यावर जो भगवा कुर्ता आणि जो चेहरा दिसेल तो कथेतून आलेला नाही, चित्रातून आलाय.

"नाव बदलून करू" हा मोह टाळा. हिंदी कॉमिक्समधल्या नागराज या नायकाच्या प्रकाशकांनी 'नागेश' नावाच्या पात्राविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा केला आणि त्यांना मनाई हुकूम मिळाला. नावं सारखी, दोन्ही नायकांचा सापांशी संबंध, दिसायलाही सारखे. नुसत्या कल्पनेवर कुणाचा हक्क नसतो हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात सांगितलंय. डाकूचा मुलगा पोलिसाकडे वाढतो, एवढी कल्पना कुणीही घ्यावी. पण त्याच्या अंगावर भगवा कुर्ता-जीन्स चढवली, दलाचं नाव नासुद ठेवलं, की ती कल्पना राहत नाही.

आणि हो, अंधेरीच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये पटकथा नोंदवा, पण त्याने फक्त तुम्ही अमुक तारखेला हे लिहिलं होतं एवढंच सिद्ध होतं. बहादूर तुमचा होत नाही.

पटकथाकार_नाशिक:

वकीलसाहेब, मनापासून आभार. पूर्ण खरेदी निर्मात्याला आत्ता परवडणार नाही. दुसरी वाट आहे का?

वकील_पुणे:

ऑप्शन करार. थोडी रक्कम देऊन ठरावीक मुदतीपुरता "दुसऱ्या कुणाला देणार नाही" असा शब्द लेखी घ्यायचा. तेवढ्यात निर्मात्याने पैसे उभे केले तर पुढचा करार. मुदत, वाढीव मुदतीचे पैसे आणि श्रेय, तिन्ही त्याच कागदात लिहून घ्या.

संवादलेखिका_मुंबई:

मी मालिकांसाठी लिहिते, म्हणून नासुदच्या प्रश्नावर लिहिते.

कमी माहितीच्या पात्राचा फायदा असा की प्रेक्षक आधीपासून चित्र मनात धरून बसलेला नसतो. गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी बघा. कॉमिक्समधली १९६९ ची मूळ चमू वेगळीच होती, २००८ मध्ये नवी जमवली गेली आणि २०१४ च्या चित्रपटाने ती नवी घेतली. त्यातला ग्रूट १९६० मध्ये पृथ्वीवर चाल करून आलेला राक्षस होता! कुणी हरकत घेतली नाही, कारण फार कुणाला आठवतच नव्हतं.

पण तुमच्या कामाचं उदाहरण पीसमेकर आहे. १९६६ मध्ये चार्लटन नावाच्या छोट्या प्रकाशनाने आणलेला नायक. शांततेवर एवढं प्रेम की त्यासाठी तो लढाईला उतरतो. पुढे तो डीसी कॉमिक्सकडे गेला आणि बरीच वर्षं मागेच राहिला. दिग्दर्शक जेम्स गनने २०२१ च्या 'द सुसाइड स्क्वॉड' चित्रपटात आणि मग २०२२ च्या मालिकेत ही विसंगती झाकली नाही, तिच्यावरच बोट ठेवलं. शांततेसाठी माणसं मारणाऱ्याच्या मनात काय चाललेलं असतं? सगळी मालिका त्या प्रश्नावर उभी आहे.

तुमच्याकडे तशीच गाठ आयती आहे. बंदुकीने बाप गेला त्या मुलाने गावाच्या हाती बंदूक द्यायची का? पहिल्या भागात देऊ द्या. गाव वाचू द्या. मग त्याच दलातला एखादा गावातलं जुनं वैर काढायला ती बंदूक वापरू दे. विशाल पोलिस अधिकारी आहे, त्याला हे आधी कळेल. बाप-लेकाचं नातं तिथे ताणलं जाईल. नासुद गाळू नका, उलट तिलाच मालिकेचा कणा करा.

बहादूरची प्रेयसी बेला, तिच्याबद्दलही सांगते. ती मूळ कॉमिक्समध्येच हाणामारीत तरबेज आहे, कुणी वाचवायला यावं म्हणून थांबत नाही. तिला नुसती प्रेयसी करू नका. दलाने शस्त्र उचलायला नको, हे म्हणणारी ती असू शकते, आणि लढता येत असूनही ती तसं म्हणते म्हणून त्याला वजन येईल.

ग्वाल्हेरकर:

आमचं घराणं शिंद्यांच्या काळापासून ग्वाल्हेरात, म्हणून चंबळबद्दल दोन शब्द.

आज खोऱ्यात घोड्यावरचे डाकू शोधून सापडणार नाहीत. आज भीती आहे ती वाळू आणि दगडाच्या चोरट्या खाणकामाची. चंबळ नदी घडियालांचं अभयारण्य आहे, तिथली वाळू उपसायला बंदी आहे, तरी रात्री ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. मार्च २०१२ मध्ये मुरैना जिल्ह्यात बेकायदा दगड नेणारी ट्रॉली अडवताना नरेंद्र कुमार हा तरुण आयपीएस अधिकारी ट्रॅक्टरखाली चिरडून मारला गेला. आजचा विशाल लिहायचा तर तो इथे सापडेल.

आणि आज गावकरी दोन्हीकडे आहेत. ट्रॅक्टर चालवणारा पोरगा गावातलाच असतो, कारण दुसरं काम नाही. त्यामुळे "गाव विरुद्ध डाकू" ही मांडणी टिकत नाही, पण मालिकेसाठी ते चांगलंच आहे. जुना_इंद्रजालप्रेमी यांचं १९७२ चं म्हणणं मला पटलं, तरी निर्मात्याचा आग्रह मोडता येत नसेल तर हा मार्ग खोटा वाटणार नाही.

जुना_इंद्रजालप्रेमी:

ग्वाल्हेरकर, हे वाचून मी थोडा मागे सरतो. पण मग शरणागतीचं काय? बहादूरचा बाप त्या काळातच ठेवा, आणि बहादूरला भैरवसिंगचा नातू करा?

संवादलेखिका_मुंबई:

नातू केला तर सूड पातळ होतो. आजोबांच्या मृत्यूसाठी कुणी विशालवर बंदूक रोखणार नाही. बाप आणि मुलगा हेच नातं ठेवा. काळ एकच निवडा.

पटकथाकार_नाशिक:

सगळ्यांचे आभार. सगळे प्रतिसाद पुन्हा वाचले आणि ठरवलं ते सांगतो.

काळ १९७६ च. शरणागतीचा मुद्दा सोडवत नाही. खर्चाचं निर्मात्याला असं सांगणार: एकच गाव, एकच पोलिस ठाणं आणि बीहड, म्हणजे चंबळच्या घळी. शहर दाखवायचंच नाही, जुन्या मोटारींचे रस्ते उभे करावे लागणार नाहीत. ग्वाल्हेरकरांनी सांगितलेलं वाळूचं जग मला सोडवत नाहीये, पण ती स्वतंत्र गोष्ट आहे, बहादूरच्या नावाशिवायही लिहिता येईल.

नासुदचा प्रश्न संवादलेखिकाताईंनी सोडवला. सुरुवातीला दल आपल्याकडच्या ग्रामसुरक्षा दलासारखं, काठी, शिट्टी आणि रात्रीची गस्त एवढंच. मग एका हल्ल्यात माणसं दगावतात आणि बंदुका येतात. त्या कुणी आणल्या, कुणाच्या नावावर नोंदल्या, यावरून बेला आणि बहादूर यांच्यात फूट पडते. शेवटचे भाग त्या बंदुका परत गोळा करण्याचे.

हक्कांचं काम आधी, बाकी सगळं नंतर. आबिद सुरती आणि गोविंद ब्राह्मणिया ही नावं पहिल्या भागाच्या पहिल्या पाटीवर यावीत, ही अट मी माझ्या करारातही घालणार आहे. या नायकाला ज्यांनी घडवलं त्यांचं नाव शेवटी धावत्या अक्षरांत गेलेलं मला चालणार नाही.

एक मदत अजून हवी आहे. ज्यांच्याकडे बहादूरचे मराठी अंक असतील त्यांनी आतल्या पानावर लेखक, चित्रकार, अनुवादक आणि हक्क यांबद्दल काय छापलंय ते शब्दशः इथे लिहावं, अंकाच्या क्रमांकासह. सुरुवातीचे आणि ऐंशीच्या दशकातले, दोन्ही हवेत. मजकूर मध्येच बदलला असेल तर वकिलांना तोच पहिला धागा मिळेल.