हायब्रिडची बॅटरी आणि वाढलेले फिरणे

पेट्रोल इंजिन आणि बॅटरी अशा दोन्हींवर चालणाऱ्या हायब्रिड गाडीची बॅटरी बनवतानाच इतके प्रदूषण होते की पुढची सारी इंधनबचत त्यात वाहून जाते, हा मुद्दा मला पटत नाही, कारण पूर्ण विजेवर चालणाऱ्या गाडीवरचा आक्षेप इथे हायब्रिडच्या माथी मारला गेला आहे. टोयोटा हायरायडरच्या हायब्रिड प्रकारातील बॅटरी जेमतेम ०.७६ किलोवॅट-तासांची आहे, तर पूर्ण विजेवरच्या, सुरुवातीच्या टाटा नेक्सॉन ईव्हीची ३०.२, म्हणजे जवळजवळ चाळीसपट. खोट दुसरीकडेच आहे: बचत सगळीकडे सारखी होत नाही, आणि झालेली बचत जास्त फिरण्यात जाते. ब्रेक दाबताना वाया जाणारी ऊर्जा साठवणे हे या गाडीचे खरे कसब असल्यामुळे ते सिग्नलच्या गर्दीत दिसते. सलग वेगाने जाताना फारसे नाही. खंडाळ्याचा घाट चढताना माझ्या गाडीच्या पडद्यावर बॅटरीच्या दोनच रेघा उरतात आणि इंजिन गुरगुरू लागते. उतरताना मात्र त्या रेघा भराभर भरतात.

घरचा हिशेबही सांगतो. जुनी गाडी लिटरला १४ किलोमीटर देई आणि वर्षाला सुमारे ८,००० किलोमीटर चाले, म्हणजे साधारण ५७० लिटर पेट्रोल. नवी हायब्रिड २२ देते, पण ‘परवडते आहे ना’ असे म्हणत आम्ही (दोष माझाच अधिक) गेल्या वर्षी १२,५०० किलोमीटर फिरलो. पेट्रोल लागले तेवढेच, आणि लिटरमागे सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड दोन्ही गाड्या सारखाच सोडतात.