तक्त्यात न बसणारं मूल: हुशार की प्रतिभावान?

दांडियाबाजारकर
नमस्कार. मुलगा तिसरीत आहे, इंग्रजी माध्यम. शाळेने पालकसभेत दोन रकान्यांचा तक्ता वाटला: डावीकडे ‘हुशार’, उजवीकडे ‘प्रतिभावान’. एक उत्तरं देतो, दुसरा प्रश्न विचारतो, वगैरे. वर्गशिक्षिका म्हणाल्या, तुमचा कुठल्याच रकान्यात नाही, वीसपैकी आठ गणितं कोरी सोडतो. वही पाहिली. २५ × १६ ला पायऱ्या न मांडता १०० × ४ = ४०० लिहिलंय म्हणून अर्धा गुण कापलाय. आणि समासात १२५ × ८, १२५ × २४ अशी स्वतःचीच गणितं, वेळ त्यात गेलेला. इथे वडोदऱ्यात प्रतापनगरच्या रेल्वे हेरिटेज पार्कात नेलं, तर इंजिनाजवळ फोटो राहिला बाजूला. “हे रूळ ७६२ मिलिमीटर अंतराचे आणि मोठ्या गाडीचे १६७६ चे, मग डभोईहून आलेला माल मियागामला उतरवून परत कोण भरायचं?” चाचणी करून घ्यावी का?

कारेलीबागचा काका
ऑलिम्पियाडला बसवा, लगेच कळेल. आमच्या मुलीला पहिल्याच वर्षी मेडल.

निवृत्त गणितबाई
काका, ऑलिम्पियाडने कळतं ते तयारी करून घेतल्यावर मूल किती करतं, एवढंच. तेही वाईट नाही म्हणा.

ताई, तो तक्ता नोकरीत असताना माझ्याही हाती आला होता. वाचायला झकास, पण मुलं अशी रकान्यात राहत नाहीत. गणितात उजवीकडचं मूल भाषेत डावीकडेही नसतं. फरक मात्र असतो. हुशार मुलाला रीत दाखवली की ते ती बिनचूक चालवतं. तुमच्या मुलाने रीत मोडून पाहिली, आणि ती मोडतोड आणखी कुठे चालते हे समासात तपासलं. मी असते तर आधी समास वाचला असता. तरी लगेच बिल्ला लावू नका. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ रेंझुलींनी १९७८ मध्ये प्रतिभेसाठी तीन गोष्टी मांडल्या: सरासरीहून वरची क्षमता, सर्जनशीलता आणि हाती घेतलेलं तडीस नेण्याची चिकाटी. तिन्ही एकत्र याव्या लागतात. चिकाटीचा निकाल आठ वर्षांच्या पोराबाबत कोण देणार?

चाचणीचं म्हणाल तर, मानसशास्त्रज्ञ टर्मन यांनी कॅलिफोर्नियात १९२१ पासून बुद्ध्यांकावर निवडलेल्या मुलांचा पाठपुरावा केला. शॉक्ली आणि अल्वारेझ हे दोघे चाचणीत कमी पडले म्हणून वगळले गेले. पुढे दोघांनाही भौतिकीचं नोबेल मिळालं, १९५६ आणि १९६८ मध्ये. निवडलेल्यांपैकी एकालाही नाही!

शिक्षिकेशी भांडू नका. एवढंच मागा: स्वाध्यायातली सर्वांत अवघड पाच गणितं त्याला आधी सोडवू द्या, पायऱ्यांसकट. बरोबर आली तर उरलेली माफ. भरलेल्या वर्गातही जमतं, मी करत असे.

समुपदेशक, अलकापुरी
बाईंचं पटतं, पण चाचणीला इतकं झिडकारू नका. मोबाइलवरची मात्र नको, समोर बसून घेतलेली हवी. घरी मराठी, गल्लीत गुजराती, शाळेत इंग्रजी अशा मुलाची शाब्दिक चाचणी इंग्रजीत घेतली तर निम्मी इंग्रजीच मोजली जाते. रॅव्हनच्या चाचणीत नुसत्या आकृत्या असतात, म्हणून तीही घ्यायला सांगा. बुद्ध्यांक १३० च्या वर साधारण शंभरात दोघांचा येतो, तेव्हा आकडा कमी आला म्हणून हिरमुसू नका.

मला खरी काळजी त्या कोऱ्या आठ गणितांची. तीच तोंडी विचारली तर भराभर सांगतो का? लिहिताना हात दुखतो म्हणतो का? काही मुलांत तल्लख डोकं आणि लेखनाची अडचण एकत्र असते. दोन्ही एकमेकांना झाकतात आणि मूल चारचौघांसारखं ‘साधारण’ दिसतं. बुद्ध्यांकाआधी डोळे आणि लेखन तपासून घ्या.

दांडियाबाजारकर
तोंडी विचारलं की माझं वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर येतं. हात दुखण्याची तक्रार तर रोज संध्याकाळची! आधी लेखनाचंच बघते, आणि पाच गणितांचं शाळेत विचारते. बाई, शिक्षिका ‘सगळ्यांना एकच नियम’ म्हणाल्या तर काय सांगू? काका, मेडलबद्दल मुलीचं अभिनंदन, ऑलिम्पियाड तूर्त राहू दे.