विलायती पाइंट आणि आपली परमिट रूम

वाळूजकर: मघाच्या पोस्टीत कुणी लिहिलंय, "इंग्लंडात बिअर चवीनं पितात, मराठवाड्यात नशेसाठी. आपल्याला संस्कृतीच नाही." संस्कृती राहू द्या, आधी तिथल्या पबचं तळघर बघा. कास्क एल, म्हणजे तिथली पिंपातली पारंपरिक बिअर, पिंपातच दुसऱ्यांदा आंबते. पिंप आडवं ठेवून गाळ बसू द्यायचा, तळघर 11 ते 13 अंशांवर राखायचं, गॅसचा दाब न देता हातपंपानं ओढायची. जेवढी ओढली तेवढी हवा आत शिरते, म्हणून तीनेक दिवसांत पिंप रिकामं झालं पाहिजे, नाहीतर आंबट. आपल्याकडं मे महिन्यात बाहेर 42 अंश असतात. हे तंत्र आहे, संस्कार नव्हेत.

मालदांडी: तळघराचं कामून सांगता? बाटली बघा. आपली 650 मिलीची आठ टक्क्यांची स्ट्राँग बिअर म्हणजे 52 मिली शुद्ध अल्कोहोल. तिथल्या चार टक्क्यांच्या 568 मिली पाइंटात 23. आपली एक बाटली त्यांच्या दोन पाइंटांना भारी. तिथं 2023 पासून पबमधल्या नळाच्या बिअरला बाटलीपेक्षा कमी कर. इथं कायदा 1949 चा, दारूबंदीचा. खोलीचं नावच परमिट रूम, मग माणूस घाईनंच पिणार.

गोदाकाठ: चवीचं कौतुक पुरे, पाण्याचं बोला. लिटरभर बिअरला चांगल्या कारखान्यातही चार-पाच लिटर पाणी लागतं, बरंचसं टाक्या-बाटल्या धुण्यात जातं. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं, आणि औरंगाबाद खंडपीठाला मद्य कारखान्यांचं पाणी आधी 50, मग 60 टक्के तोडावं लागलं.

वाळूजकर: दरवेळी आमच्याच कारखान्यांवर बोट! हेक्टरभर उसाला पाटानं दोन कोटी लिटरच्या आसपास पाणी जातं. तेवढ्यात चाळीस लाख लिटर बिअर होते. उसाबद्दल का गप्प?

गोदाकाठ: शेतकऱ्याला मध्ये ओढू नका! उसाला एफआरपीचा, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या किमान दराचा आधार आहे, तुरीला तशी खात्री नाही, म्हणून तो ऊस लावतो. आणि तुमची क्राफ्ट, म्हणजे छोट्या टाकीतली बिअर, मोठ्या कारखान्याहून खादाड. टाकी पाचशे लिटरची असली तरी कॉस्टिक सोड्याची धुणी, मग स्वच्छ पाण्याची धुणी चुकत नाही. लिटरमागं सात-आठ लिटर सहज जातात.

वाळूजकर: लहान टाकीचं खरंय, तेवढं मान्य. पण शेवटच्या धुणीचं पाणी पुढच्या बॅचच्या पहिल्या धुणीला वापरता येतं.

गोदाकाठ: मग वापरा की! परवाना देतानाच ती अट घाला.

मालदांडी: पाण्यात मूळ मुद्दा वाहून गेला. ग्लासाचं कुणीच बोललं नाही. चखण्याच्या ताटल्यांबरोबर एकाच घमेल्यात विसळला की तेलाचा थर राहतो, फेस लगेच विरतो, बुडबुडे काचेला चिकटतात. ओल्या ग्लासात आतून मीठ भुरभुरा. जिथं मीठ धरत नाही तिथं तेल आहे. ग्लास वेगळा धुवायला ना तळघर लागतं, ना कायदा बदलावा लागतो.

वाळूजकर: ग्लासापुरतं तुमचं बरोबर. स्ट्राँगचं मात्र अजून पटलेलं नाही.