मदत हवी आहे: जत्रेची कुस्ती मैदानं (मातीवरची) आणि मॅट दोन्ही करून अजून पाच-सहा वर्षं कसं टिकायचं?

नमस्कार मंडळी. वय 25, कोल्हापूर भागात तालमीत राहतो, मॅटवर 74 किलोला खेळतो आणि सीझनला जत्रेच्या कुस्त्या करतो.

प्रॉब्लेम असा की दिवाळी झाली की मैदानं चालू होतात ती पार मे पर्यंत, चैत्रात तर एका आठवड्यात दोन-दोन तीन-तीन कुस्त्या ठरलेल्या असतात, आणि नाही म्हणता येत नाही कारण बदाम तूप दूध मटण धरून खुराक महिन्याला 20 हजाराच्या खाली येत नाही आणि तो इनामातूनच निघतो, घरच्यांवर किती भार टाकणार. मग निवड चाचणी येईपर्यंत गुडघा आणि खांदा बोलायला लागलेले असतात. त्यात मैदानात 80-82 किलोचा जोड (समोरचा पैलवान) लावतात म्हणून अंगात वजन ठेवायचं आणि चाचणी आली की तेच उतरवायचं.

मेहनत चुकवत नाही, पहाटे 4 ला उठतोच. पण हल्ली लढतीत समोरच्याने पट काढला (पाय धरून पाडलं) तरी राग येत नाही, आधी यायचा. वस्ताद म्हणतात कुस्त्या कमी कर, बरोबरची पोरं म्हणतात एकदा नाही म्हटलं की पुढच्या वर्षी जत्रेची कमिटी विचारत नाही. दोघांचंही खरंय.

जे तिशीपर्यंत खेळलेत त्यांनी सांगा, कोणती मैदानं सोडायची हे कसं ठरवता? मोटिव्हेशनचे व्हिडिओ कृपया नको, ते तालमीच्या ग्रुपवर रोज पडतात 🙏

प्रतिसाद:
पैलवान, राग येत नाही म्हणजे मन मेलं असं नाही, अंग थकलंय. आधी सलग दहा-बारा दिवस लढत बंद ठेवा, नुसतं पळणं आणि हलक्या बैठका, आणि गुडघा डॉक्टरला दाखवा, तेल चोळून भागवू नका.

वर्षात मोठ्या स्पर्धा दोनच धरा. त्याच्या आधी सहा आठवडे मैदान बंद, इनाम कितीही असो. मातीत कब्जा घेऊन (समोरच्याला खाली दाबून) दहा मिनिटं बसता येतं, मॅटवर 3-3 मिनिटांचे दोन राऊंड आणि मध्ये 30 सेकंद, तो दम वेगळाच, तो बनायला वेळ लागतो. ताकद पावसाळ्यात वाढवा, तेव्हा मैदानं नसतातच.

वजनाचं मात्र सिरियसली घ्या. मोठ्या स्पर्धांत आता कुस्तीच्या दिवशी सकाळीच वजन होतं, दुसऱ्या दिवशी परत. 2024 ला पॅरिसला विनेश फोगट फायनलच्या सकाळी 100 ग्रॅमने बाहेर गेली ते सगळ्यांनी बघितलंय. सीझनभर 82 ने फिरत असाल तर 79 चा गट बघा की, ऑलिम्पिकला नाही पण वर्ल्डला आहे. आपला राहुल आवारे 2018 ला कॉमनवेल्थचं गोल्ड 57 ला घेऊन आला आणि 2019 ला वर्ल्डचं ब्राँझ 61 ला, तो पण ऑलिम्पिकबाहेरचाच गट. तेव्हा वय जवळजवळ 28.

धागाकर्ता:
धन्यवाद दादा. 79 चं डोक्यातच नव्हतं, उद्या वस्तादांशी बोलतो. फक्त ते सहा आठवडे नेमके चैत्रात आले तर कमिटीला काय सांगायचं? आमच्या शेजारच्या गावची कुस्ती आत्ताच ठरलीय, पोस्टरवर फोटो पण छापलाय.

प्रतिसाद:
छापलाय तर ती करा. पुढची घेऊ नका. आणि नाही म्हणायचं काम वस्तादांना करू दे, त्यांच्या शब्दावर कमिटी रुसत नाही.